तेलाची वही

घरात महिन्याला तेल किती लागतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. चार माणसांना इतकं, सणावाराच्या महिन्यात थोडं वर, दिवाळीच्या फराळाला वेगळं, असा अंदाज हाताला बसलेला असतो. डबा लवकर रिकामा झाला की आपण लगेच नवा डबा आणायला धावत नाही. पाहुणे येऊन गेले का, पुऱ्या दोनदा झाल्या का, झाकण सैल राहून कट्ट्यावर गळलं का, हे आधी बघतो. गाडीच्या तेलाचं मात्र आपण कधी विचारत नाही. ते खातं पुरुषांचं, असं कुणीतरी केव्हातरी ठरवून टाकलंय.

आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आलं ते ह्यांची नजर अधू झाल्यावर. साखरेच्या दुखण्याने डोळ्यांवर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. गाडीही साधी नव्हती. 2008 सालची, परदेशी बनावटीची, टर्बो बसवलेली पेट्रोल सेडान. बँकेतून निवृत्त झाल्यावर, 2015 मध्ये, ह्यांनी ती दुसऱ्या हातची घेतली होती. बाहेरून बघितलं तर चार दारं, मागे ऐसपैस सीट, डिकीत तांदळाची दोन पोती मावतील. पण इंजिन आणि चाकांची बांधणी शर्यतीच्या गाडीची. चोर्ला घाटातल्या वळणांवर ती रस्त्याला धरून बसते, असं हे कौतुकाने सांगायचे. मी 1994 मध्ये छोट्या गाडीवर शिकलेली. मला ती सुरुवातीला दांडगट वाटली, नंतर आवडायला लागली.

लेक फोंड्याला असते. महिन्यातून एकदा बेळगावहून चोर्ल्यावरून तिच्याकडे जाणं ठरलेलं. 2022 च्या पावसाळ्यानंतर अशाच एका फेरीत घाट उतरताना समोर पिवळा दिवा लागला, तेलाच्या झारीचं चित्र असलेला. घाट संपल्यावर सपाट रस्त्याला ॲक्सिलरेटर दाबला तर आरशात निळसर धूर दिसला. मागे स्कूटरवर एक बाई होती, पदर नाकाला लावून ती बाजूला झाली. तो पदर माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

फोंड्याला एक लिटर तेल घातलं. दोन महिन्यांत पुन्हा तोच दिवा.

बेळगावच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. तिथला मुलगा सगळं बोलणं ह्यांच्याकडे बघून करत होता. विचारत होते मी, उत्तरं मिळत होती ह्यांना. "साहेब, जुन्या गाडीला एवढं लागतंच," असं आधी म्हणाला. अर्ध्या तासाने कागद आणून दिला: इंजिन पूर्ण उघडायचं, पिस्टन-रिंगा नव्या, खर्च एक लाख साठ हजार. गाडी विकली असती तरी तेवढे आले नसते. "तेल नेमकं कुठून जातंय?" असं मी विचारलं. "उघडल्यावर कळेल," म्हणाला.

पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, भंगारात द्या ती." हे काही बोलले नाहीत. गाडीशेजारी खुर्ची टाकून बसून राहिले. हातातून सायकलसुद्धा सुटलेल्या माणसाकडे ती गाडी एवढीच गोष्ट स्वतःची म्हणावी अशी उरली होती. म्हणून मला घाई करायची नव्हती.

उद्यमबागेत ह्यांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉपची काही कमी नाही. इंजिनाचे ब्लॉक ओतणारे, बोअर घासणारे, क्रँक उगाळणारे हात इथे पिढ्यान् पिढ्या तयार झालेत. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "अक्का, इंजिन कवाबी उघडता येतंय की. आधी किती पितंय ते तरी बघूया. वही घाला."

शंभर पानी वही आणली. नियम त्यांनी सांगितले, मी पहिल्या पानावर लिहिले. गाडी सपाट जागी उभी करायची. इंजिन गरम झाल्यावर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरतं. पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा काढायची, मग बघायचं. दोन खुणा असतात, खालची आणि वरची. आमच्या गाडीत त्या दोन खुणांमध्ये एक लिटर मावतं. वरच्या खुणेच्या पुढे थेंबभरसुद्धा जास्त घालायचं नाही. जास्त झालेलं तेल क्रँक घुसळून त्याचा फेस करतो, आणि तो फेस उलटा इंजिनातच ओढला जाऊन जळतो. दर रविवारी तारीख, किलोमीटर, खूण, घातलेलं तेल, एवढं लिहायचं.

पहिला हिशेब असा निघाला: 1,41,320 किलोमीटरला वरच्या खुणेपर्यंत भरलं, 1,42,380 ला खालच्या खुणेला आलं. म्हणजे 1,060 किलोमीटरला एक लिटर. गाडीसोबतच्या पुस्तिका वाचायची सवय लावून घ्यावी. काही परदेशी कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल जाणं चालण्यासारखं मानतात, आणि तसं छापूनही ठेवतात. थोडं तेल प्रत्येक इंजिन जाळतं, कारण सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहिला नाही तर पिस्टन चिकटेल. पण आमचं त्याच्या दुप्पट होतं.

आता ते जातंय कुठं? मिस्त्रींनी समजावलं ते मला स्वयंपाकघरातल्या हिशेबासारखंच वाटलं. आधी गळती बघायची. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर रुपयाएवढा डाग. वरच्या झाकणाचं गॅस्केट झिरपत होतं. पण रुपयाएवढ्या डागाने महिन्याला अर्धा लिटर जात नाही. म्हणजे बाकीचं जळत होतं.

जळण्याच्याही जागा वेगवेगळ्या. प्रत्येक पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, खालची भिंतीवरचं जास्तीचं तेल खरवडून परत पाठवते. त्या खालच्या रिंगेला बारीक भोकं असतात. त्यात काजळी साचली की तेल परत जात नाही, भिंतीवर राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. दुसरी जागा व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी सील. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक होतं, मग रात्रभरात तेल थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी गाडी सुरू केली की निळ्या धुराचा एक लोट येतो. घाट उतरतानाही तेच. आपण पाय काढून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखतो, तेव्हा आत पोकळी तयार होते आणि ती तेल ओढून घेते. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की ते जळतं. स्कूटरवरच्या बाईच्या नाकात गेला तो हाच धूर. तिसरी जागा ब्रीदरचा व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटातली वाफ परत जाळायला पाठवणारा तो भाग. त्यातला पडदा फाटला तर वाफेबरोबर तेलही ओढलं जातं. चौथी टर्बो, तिची सील गेली तर हवेच्या नळीत तेल साठतं.

मिस्त्रींनी इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण मला उघडायला लावलं. ते निघेचना, आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. "बघा, ब्रीदर गेलाय," ते म्हणाले. टर्बोची नळी काढली, आत नुसता ओलसर हात लागला, तेलाचं तळं नव्हतं. मग चारही सिलिंडरचा दाब मोजला. तीन सारखे, तिसऱ्या नंबरचा थोडा कमी. त्यात पळीभर तेल टाकून पुन्हा मोजला तर वाढला. व्हॉल्व्ह नीट बसत नसता तर तेल टाकून दाब वाढला नसता. म्हणजे तिथली रिंग थोडी झिजलेली. पण मिस्त्रींनी बजावलं, "दाब चांगला म्हणून खालची रिंग चांगली असं नाही हं अक्का. ती या मापात येत नाही."

हे सगळं एका दुपारी झालं, आणि पैसे लागले आठशे. सर्व्हिस सेंटरने एक लाख साठ हजार सांगताना यातलं काहीच केलेलं नव्हतं.

आम्ही ठरवलं ते असं. ब्रीदरचा व्हॉल्व्ह नवा, झाकणाचं गॅस्केट नवं, आणि सोळाही व्हॉल्व्हची सील बदलायची. त्यासाठी इंजिनाचं डोकं उतरवावं लागत नाही. सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि सील बदलतात. काम नाजूक, पण हात बसलेल्याला जमतं. रिंगांना हात लावायचा नाही. त्याऐवजी कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच तेल वापरायचं आणि ते दर पाच हजार किलोमीटरला बदलायचं, म्हणजे काजळी आणखी साचत नाही. काजळी धुवायचं औषध दुकानदार सुचवत होता. मिस्त्रींनी ते नको म्हटलं, कारण एवढ्या जुन्या इंजिनात साका एकदम सुटला तर तळाच्या जाळीत अडकून तेलाची वाट बंद होते. खर्च अठ्ठावीस हजार.

वहीतला पुढचा हिशेब: एक लिटरला 2,600 किलोमीटर, त्यानंतर 2,450. सकाळचा लोट थांबला. घाटाखालचा धूर बंद झाला नाही, पण मागच्या माणसाला तोंड फिरवावं लागत नाही इतका कमी झाला. साताठशे रुपयांचं एक लिटर तेल चार-पाच महिन्यांनी घालणं आम्हाला परवडत होतं.

तरी वर्षभराने गाडी विकायचं मनावर घेतलं. ह्यांचं दवाखान्याचं वाढलं होतं, पैशाची गरज होती. एजंट आला, गाडी बघून खूश झाला. वही दिसली तशी म्हणाला, "काकू, ती आत ठेवा. एकदा जाड तेल घालू या, आठवडाभर धूर दिसत नाही. गिऱ्हाईक मी आणतो."

गिऱ्हाईक म्हणून एक मुलगी आणि तिचे वडील आले. नुकतीच हुबळीला नोकरी लागलेली, रोज हायवेने जाणार-येणार. रोजचे दोनशे किलोमीटर म्हणजे दोन-तीन आठवड्यांत एक लिटर. तिला हे माहीत नसतं तर तिने सर्व्हिसच्या तारखेपर्यंत बॉनेट उघडलं नसतं. तेल कमी पडलं की आधी टर्बोचं बेअरिंग जातं, मग क्रँकचं, आणि लाल दिवा लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ते कित्तूरजवळ रात्री आठ वाजता झालं असतं तर? चहाचे कप ठेवले आणि शेजारी वही ठेवली. वडिलांनी चार पानं वाचली, नमस्कार केला आणि उठले. एजंटने पुन्हा फोन उचलला नाही.

ह्यांना खोलीतून सगळं ऐकू गेलं होतं. संध्याकाळी उजेड असतानाच आमची जेवणं होतात. ताटावर बसल्यावर म्हणाले, "दवाखान्याचं मी एफडी मोडून बघतो." एवढंच. वहीबद्दल काही बोलले नाहीत, पण रविवारी पट्टी काढताना आता खुर्ची जवळ ओढून बसतात आणि खूण कुठे आली ते विचारतात.

तीन महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. दुसरी, छोटी गाडी घेतली होती तिने. "मावशी, ती पट्टी कशी बघायची ते दाखवाल?" रविवारी ती गाडी घेऊन आली. आमच्या दारात सपाट जागा आहे. दहा मिनिटं गप्पा मारल्या, मग तिला स्वतःला पट्टी काढायला लावली. पुसली, घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. गाडी घेतल्यापासून कुणी बघितलंच नव्हतं, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. दिवाही लागला नव्हता. त्या गाडीत पातळीचा दिवाच नाही, फक्त दाबाचा लाल दिवा आहे. तो लागला तर पुढे एक फर्लांगसुद्धा जायचं नाही, तिथेच बंद करायची, हे तिला दोनदा सांगितलं.

दुकानातून योग्य प्रतीचं तेल आणलं. अर्धा लिटर घालून पुन्हा बघितलं, मग थोडं थोडं करत वर नेलं. जाताना शेजारच्या दुकानातून तिने एक वही घेतली, बोनेटवर ठेवून पहिल्या ओळीत तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि पुढे किती तेल घातलं म्हणून विचारलं.

"साडेआठशे मिली," मी म्हटलं. "आणि पुढच्या रविवारी परत बघ, विसरू नको."