अर्ध्यावर उठलेला प्रेक्षक

खेळणारांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. खेळ पाहणारांविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. तें साहजिकच आहे. प्रेक्षक धांवत नाहीं, पडत नाहीं, त्याचे गुडघे फुटत नाहींत, आणि ढाल मिळाल्यावर तिला हात लावण्याचा हक्कहि त्याला नसतो. शेंगा खाव्या, ओरडावें आणि घरीं जावें, एवढेंच त्याचें काम, अशी सर्वांची समजूत असते. माझीहि होती. परंतु प्रेक्षकाचेंहि एक कर्तव्य असतें, आणि तें चुकल्यास त्याची बोच पुष्कळ वर्षें टिकते, असा अनुभव मला आला आहे.

आमचें घर लोणावळ्यास. येथील पावसाची कीर्ति सर्वांना ठाऊक आहेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथें मैदान म्हणून कांहीं उरत नाहीं. गवत, चिखल आणि धुकें यांचेंच राज्य असतें. अशा गांवांत माझ्या थोरल्या भावाला, दादाला, बास्केटबॉलचें वेड लागलें. कारण उघड होतें. घराजवळ सिमेंटचें एक कोर्ट होतें, आणि पाऊस थांबल्यावर जेथें चिखल नसे अशी तेवढीच एक जागा होती. शेवाळ मात्र धरीत असे. दादा पहाटे उठून खराट्यानें तें घासून काढी व मगच चेंडूला हात लावी. पाणी ओतण्याचें काम माझें.

तात्यांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हा खेळ कधीं नीट कळला नाहीं. ते त्याला 'टोपल्यांचा खेळ' म्हणत. त्यांत चूक कांहींच नव्हती. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं १८९१ च्या डिसेंबरांत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें, थंडीमुळें घरांत कोंडलेल्या धटिंगण विद्यार्थ्यांना कांहींतरी उद्योग असावा म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ काढला. टोपल्यांना बूड होतें. त्यामुळें चेंडू आंत पडला कीं शिडी लावून तो बाहेर काढावा लागे. दादानें ही हकीकत सांगितली तेव्हां तात्या म्हणाले, "म्हणजे तिकडे बर्फ आणि इकडे पाऊस. एकूण, ज्यांना बाहेर जातां येत नाहीं त्यांचा हा खेळ!"

पुढें दादा पुण्यास कॉलेजांत गेला आणि दुसऱ्याच वर्षीं कॉलेजच्या संघांत आला. पुणें-लोणावळें लोकल १९७८ सालीं सुरू झाली होती. तिनें तो रोज जाई-येई. १९८१ च्या डिसेंबरांत महाविद्यालयांच्या एका स्पर्धेंत त्याचा संघ कसाबसा अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. समोर आदल्या वर्षींचे विजेते. त्यांचे दोन खेळाडू इतके उंच होते कीं, तात्या म्हणाले, "हे टोपलींत चेंडू टाकीत नाहींत रे, ठेवतात!"

रविवार होता. मी तेव्हां आठवींत होतों. तात्या व मी दुपारच्या गाडीनें गेलों आणि कोर्टाशेजारच्या दगडी पायऱ्यांपैकीं तिसऱ्या पायरीवर बसलों. दादानें आम्हांला पाहून हात वर केला. त्यानंतर मात्र त्याला मान वर करण्यास सवड मिळाली नाहीं. दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम तेव्हां नव्हता; टोपली कोठूनहि पडो, गुण दोनच. मध्यंतराला ३१ विरुद्ध १८ अशी स्थिति होती. दादाचे तर सोपे सोपे चेंडू कड्यावर आपटून बाहेर येत होते. तात्यांनीं घड्याळ पाहिलें.

"चला, उद्यां शाळा आहे. ही गाडी गांठली म्हणजे वेळेवर घरीं पोंचूं."

मीं नाहीं म्हटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर मलाहि तेथें बसवेना. दादाच्या पराक्रमाविषयीं वर्गांत मीं काय काय सांगून ठेविलें होतें, तें सर्व माझ्या डोळ्यांदेखत खोटें ठरत होतें.

गाडींत तात्या एक शब्द बोलले नाहींत. एरव्हीं वडगांव आलें कीं ते खिडकीबाहेर बोट दाखवून १७७९ सालच्या लढाईची गोष्ट काढीत. त्या दिवशीं वडगांव आलें आणि गेलें. कामशेतला बाहेर काळोख पडला होता. एकाएकीं त्यांनीं विचारलें, "तेरा गुण म्हणजे किती टोपल्या रे?"

मीं हिशेब करून सांगितलें, "साडेसहा."

"साडेसहा," ते म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहूं लागले.

दादा रात्रीं शेवटच्या लोकलनें आला. वहिनीनें (आईला आम्ही वहिनी म्हणत असूं) दार उघडलें. दादा म्हणाला, "जिंकलों. एका गुणानें." वहिनीनें त्याच्या हातावर साखर ठेवली. तात्या अंथरुणांत उठून बसले व "असें का! वा, छान झालें," म्हणाले. तेवढ्यावरच तें बोलणें संपलें. 'तुम्ही कां निघून गेलां?' असें दादानें विचारलें नाहीं, आणि 'कसे जिंकलांत?' असें आम्हीं विचारलें नाहीं. कारण तें विचारणें म्हणजे आपण तेथें नव्हतों हें कबूल करण्यासारखें होतें. दुसऱ्या दिवशीं मीं मात्र शाळेंत उत्तरार्धाचें रसभरित वर्णन केलें. तें सारेंच्या सारें बनविलेलें होतें.

वर्षें गेलीं. दादाला नोकरी लागली, संसार झाला, तात्या वारले. आमच्या घरांत जुन्या गोष्टींना तोटा नाहीं. जेवणें झालीं कीं कोणी ना कोणी आठवण काढतोच. ती स्पर्धा मात्र कधीं निघत नसे. निघालीच तर दादा सुपारी शोधण्याकरितां उठे.

२०१८ सालीं दादाचा मुलगा अमेरिकेंत शिकत होता. बाल्टिमोर शहराजवळ मेरीलँड विद्यापीठाची १९६६ सालीं स्थापन झालेली एक शाखा आहे. आद्याक्षरांवरून तिला यूएमबीसी म्हणतात. शास्त्रविषय आणि बुद्धिबळ यांविषयीं तिची ख्याति. बास्केटबॉलविषयीं विशेष अशी नव्हतीच. अमेरिकन कॉलेजांची बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ पासून भरत आली आहे. मार्च महिन्यांत सारा देश तिच्या नादीं लागतो. एकदां हरला कीं संघ बाहेर. दुसरी संधि नाहीं. चार विभाग, प्रत्येकांत सोळा संघ, आणि बलाबल पाहून त्यांना क्रमांक दिलेले. पहिल्या क्रमांकाची गांठ सोळाव्याशीं पडते. १९८५ पासून या रीतीनें १३५ सामने झाले होते, आणि १३५ हि वेळां पहिल्यानेंच सोळाव्याला हरविलें होतें. त्या वर्षीं यूएमबीसी सोळाव्या क्रमांकावर होती आणि समोर व्हर्जिनिया विद्यापीठ होतें. साऱ्या स्पर्धेंतील सर्वांत श्रेष्ठ ठरविलेला, वर्षभरांत ३१ सामने जिंकून केवळ दोन हरलेला संघ.

तिकडे १६ मार्चची रात्र, म्हणून इकडे शनिवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशीं गुढीपाडवा. पुतण्याचा निरोप आला होता, 'आमचें कॉलेज पहा. बहुधा हरेल, पण पहा.' त्यामुळें माजघरांत लॅपटॉपसमोर सगळें घर जमलें. वहिनीसुद्धां जपमाळ घेऊन येऊन बसली. यूएमबीसीच्या संघांत मौरा नांवाचा पांच फूट आठ इंच उंचीचा एक किरकोळ मुलगा होता. त्या ताडमाड खेळाडूंच्या पायांमधून तो चेंडू असा काढी कीं, वहिनी म्हणाली, "अगबाई, हा तर आपल्या गल्लींतला वाटतो!"

मध्यंतराला दोघांचे गुण सारखे, २१-२१. मीं मनांत म्हटलें, सोळाव्याची हौस एवढ्यावर फिटली. आतां पहिला क्रमांक आपलें खरें रूप दाखवील. शिवाय बाजारांतून साखरेच्या गांठी, कडुनिंब व फुलें आणावयाचीं होतीं. मी पिशवी घेऊन उठलों.

दादा पडद्यावरची नजर न काढतां म्हणाला, "आज तरी बस."

मी पिशवी खालीं ठेवून बसलों. त्या तीन शब्दांत छत्तीस वर्षें होतीं.

उत्तरार्धांत जें झालें तें आतां सर्वश्रुत आहे. लायल्स नांवाचा त्यांचा खेळाडू जो चेंडू टाकी तो टोपलींत पडे. त्यानें एकट्यानें २८ गुण मिळविले. अंतर वाढत गेलें आणि व्हर्जिनियाच्या मुलांचे चेहरे उतरत गेले. शेवटीं ७४ विरुद्ध ५४. एका गुणानें नव्हे, दोन गुणांनीं नव्हे, तब्बल वीस गुणांनीं सोळाव्यानें पहिल्याला घरीं पाठविलें. पुतण्याचा फोन आला. पलीकडे एवढा कल्लोळ होता कीं त्याचा शब्दहि कळेना. दोन दिवसांनीं हाच संघ पुढच्या सामन्यांत ४३ विरुद्ध ५० असा हरला; पण त्याचें कोणाला काय!

सर्व पांगल्यावर दादा आपण होऊन बोलूं लागला. १९८१ च्या त्या सामन्यांत शेवटचे कांहीं क्षण उरले असतां त्याचा संघ एका गुणानें मागें होता आणि पंचांनीं त्याला दोन फ्री थ्रो दिले होते. "पहिला टाकण्यापूर्वीं मीं पायऱ्यांकडे पाहिलें. लोक दाटीवाटीनें उभे होते. तिसऱ्या पायरीवर दोन माणसांपुरती जागा तेवढी रिकामी होती." थोडें थांबून तो म्हणाला, "तात्यांना वाटलें असेल, हा काय जिंकतो!"

तेव्हां मीं त्याला कामशेतची गोष्ट सांगितली. ती आजवर मीं कोणालाच सांगितली नव्हती, कारण तींत सांगण्यासारखें कांहीं आहे असें मला कधीं वाटलेंच नव्हतें. मुलगा हरलाच असें ज्यानें मनांत धरलें, तो बाप गाडींत बसून टोपल्यांचा हिशेब कशाला करील? तात्या उठले ते दादावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. मुलाचा पराभव त्यांना डोळ्यांनीं पाहवत नव्हता. देह लोकलमध्यें होता. मन त्या तिसऱ्या पायरीवरच राहिलें होतें, आणि साडेसहा टोपल्या कशा भरून निघतील याची जुळवाजुळव करीत होतें. हें मला स्वतःलाहि त्या सकाळीं, दादाला सांगतां सांगतां, उमगलें.

दादा बराच वेळ गप्प बसला. मग भिंतीवरच्या तात्यांच्या तसबिरीकडे पाहून म्हणाला, "सात लागल्या."

यानंतर आमच्या घरांत त्या स्पर्धेच्या गोष्टी मोकळेपणानें निघूं लागल्या. दादा सांगे, सामना संपल्यावर समोरच्या संघाचा कप्तान डोक्यावर पंचा घेऊन जमिनीवर बसून राहिला होता. त्याच्याजवळ कोणी गेलें नाहीं, आपणहि गेलों नाहीं, ही आपली चूक. म्हणून पुढच्या वर्षीं, २०१९ च्या मार्चांत, दादानें व्हर्जिनियाचे सामने पाहण्याचें ठरविलें. त्यांची पहिली गांठ पुन्हा सोळाव्या क्रमांकाशींच होती. आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, आणि पूर्वार्धांत तो संघ चौदा गुणांनीं मागें पडला. दादा पुटपुटला, "सात टोपल्या." मी उठलों नाहीं, हें सांगावयास नकोच. त्या मुलांनीं अंतर भरून काढलें, ७१ विरुद्ध ५६ असा सामना जिंकला, आणि ८ एप्रिलच्या अंतिम सामन्यांत जादा वेळ खेळून टेक्सास टेकला ८५ विरुद्ध ७७ असें हरवून ढाल नेली. आदल्या वर्षीं सबंध देशानें ज्यांची थट्टा केली होती त्यांतलेच कित्येक त्या संघांत होते.

आम्हां मावळांतल्या लोकांना हरलेल्याची कदर नवी नाहीं. १७७९ च्या जानेवारींत मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला वडगांवास हार खाऊन तह करावा लागला. त्याच मोहिमेंत कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट पडला. तो शत्रु, पण शूर म्हणून मराठ्यांनींच त्याला 'इष्टुर फांकडा' म्हटलें, आणि वडगांवास त्याची समाधि अजून आहे. जो गांव शत्रूच्या शौर्यालाहि फूल वाहतो, तेथल्या माणसानें आपल्या माणसाची हार पाहवत नाहीं म्हणून पाठ फिरवावी, हें कांहीं बरोबर नाहीं.

आतां घरांतलीं नातवंडें खेळतात. वक्तृत्व असो, गाणें असो, कीं शाळेंतला खो-खोचा सामना असो, आमच्या घरचा कोणी ना कोणी तेथें असतोच, आणि शेवटची शिटी होईपर्यंत तो जागचा हलत नाहीं. बहुतेक वेळां मुलें हरतात. चमत्कार १३५ सामन्यांनंतर एकदां होतो, तेव्हां तो आपल्याच वांट्यास येईल अशी अपेक्षा धरूं नये. परंतु मुलानें पायऱ्यांकडे पाहिलें तर तेथें आपलें माणूस दिसावें, इतकें आपल्या हातांत असतें. लोकल काय, मागून दुसरी असतेच.