गाठ कोणती, ते आधी विचारा

सीटी स्कॅनच्या रिपोर्टातला ‘नोड्यूल’ घरी पोचेपर्यंत ‘गाठ’ होतो, आणि फुप्फुसात गाठ म्हटलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मला खुपतं ते हे, की त्या शब्दाच्या मागेपुढे काय लिहिलंय ते कुणी वाचतच नाही. 30 मिलिमीटरपर्यंतचा गोलसर डाग म्हणजे नोड्यूल. तुरीच्या दाण्याएवढा, आतून पूर्ण चुना साचलेला पांढराशुभ्र डाग बहुधा बऱ्या झालेल्या टीबीचा वण असतो. बीड जिल्ह्यात असे वण निघणारच. भरीव डागाचे काठ काटेरी असतील तर संशय वाढतो. ‘ग्राउंड ग्लास’ डाग थंडीत काचेवर वाफ धरावी तसा धूसर. त्यातून मागच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात. तो न्यूमोनियाचा असेल तर काही आठवड्यांत विरतो. टिकला, आणि त्यात मध्येच भरीव ठिपका दिसला, तर त्याच्याकडे सगळ्यांत गांभीर्याने पाहावं लागतं. फिका दिसतो म्हणून सोडून देऊ नये.

कुणी म्हणेल, एवढी शंका आहे तर सुई घालून तुकडाच काढा. पण छातीच्या स्कॅनचे नियम ठरवणाऱ्या फ्लाइश्नर सोसायटीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे पस्तिशीपुढच्या, आधी कॅन्सर न झालेल्या, कमी जोखमीच्या माणसात 6 मिलिमीटरहून लहान भरीव डागाला पुन्हा स्कॅनचीही गरज नाही. 6 ते 8 मिलिमीटरला सहा ते बारा महिन्यांनी. सुईने फुप्फुसातली हवा छातीत गळू शकते, ते वेगळंच. पेट स्कॅन करावा, तर टीबीचा डागही कॅन्सरसारखाच चमकतो. मग उरतो आपल्याकडचा सवयीचा मार्ग : बेडक्यात जंतू नाहीत, टीबीची सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह, तरी ‘टीबीच असेल’ म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या. गोळ्यांनी काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे, वेळ बिघडतो. भरीव कॅन्सरचं आकारमान साधारण 100 ते 400 दिवसांत दुप्पट होतं, आणि 8 मिलिमीटरचा डाग 10 चा झाला की तो जवळपास दुप्पटच झालेला असतो. हे दोन मिलिमीटर जुनी फिल्म शेजारी लावून मोजल्याशिवाय कळत नाहीत.

थांबून पाहण्याची बाजू मी मांडली खरी, पण ऊसतोड कामगारांपाशी आलं की ती मलाच लंगडी वाटू लागते. मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं. त्यांना ‘सहा महिन्यांनी या’ सांगितलं आणि तारीख ऐन हंगामात पडली, तर फड सोडून कोण येणार? फिल्म कोपीत पावसाने भिजते, उंदीर कुरतडतात. शिवाय जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या बाईला, बिडी ओढत नाही एवढ्यावरून कमी जोखमीची धरणं मला पटत नाही.

म्हणून डॉक्टरांना विनंती : पुढच्या स्कॅनची तारीख गाळप हंगाम बघून लिहा, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलात असा की तालुक्याच्या दवाखान्यात. आणि घरच्यांनी फिल्म, सीडी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. टोळीबरोबर नेऊ नये.