प्रोब
सोनोग्राफीच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे, राबतो मात्र प्रोब. मुठीत मावणारा, रुंद गोलसर तोंडाचा, मागे जाड केबल. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी असते. जातभाईंनी केलेल्या पापाचा डाग यालाही वागवावा लागतो. डोळे त्याला नाहीत. सेकंदाला तीस-चाळीस लाख कंपनांचा आवाज सोडायचा आणि परतणारा प्रतिध्वनी ऐकायचा, एवढंच ठाऊक. हवेशी हाडवैर. मधे जराशी हवा राहिली तरी ठार बहिरा. म्हणून आधी पोटावर गार जेल.

प्रत्यारोपित किडनीवर त्याचा भारी जीव. मूळ किडन्या पाठीकडे, फासळ्यांच्या आड. ही ओटीपोटात, बहुधा उजवीकडे, कातडीलगत. शरीराने ती नाकारू नये म्हणून घेतलेल्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात आणि त्यात कर्करोगाचं फावतं. म्हणून हा कोपरान्‌कोपरा धुंडाळतो. साधी पाण्याची गाठ काळीभोर, रेखीव काठांची. आत भरीव काही दिसलं की डॉक्टरांचा हात थबकतो. ‘श्वास रोखा.’ डॉप्लर लावून आत रक्त खेळतंय का ते पाहतात. तरीही शंका उरली तर शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडण्याची सोय आहे. हवेच्या या वैऱ्याला तिथे वायूच मदतीला येतो! तो श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार पडत नाही.

निकाल द्यायची मात्र त्याला घाई नसते. जंतुसंसर्गाने सुजलेला भागही गाठीचं सोंग घेतो; उलट एखादी खरी गाठ पाण्याच्या गाठीसारखी साळसूद दिसते. शेवटचा शब्द बहुधा बायोप्सीचा.

त्याची एकच खोड: नेलं तिथेच जातो. प्रत्यारोपणात जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. त्या आक्रसून जागच्या जागी राहतात. घरात नव्या सुनेचं कौतुक चाललेलं असताना माजघरातल्या म्हाताऱ्यांना कोण विचारतो? आणि अशा रुग्णांना किडनीचा कर्करोग झालाच, तर तो जास्त करून या जुन्या किडन्यांतच निघतो. चिठ्ठीवर नुसतं ‘ट्रान्सप्लांट किडनी’ लिहिलेलं असेल, तर प्रोब ओटीपोटावरूनच माघारी फिरतो. तेव्हा पुढच्या खेपेला टेबलावर आडवं होण्याआधी डॉक्टरांना विचारावं, ‘जुन्याही बघणार ना?’