विद्यार्थ्यांचा रोबो आणि बिनतारी दुवा

बालाघाटच्या डोंगररांगांतील जळकोटसारख्या तालुक्यातून लातूरला किंवा नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत शिकावयास जाणारा विद्यार्थी पहिला रोबो बांधतो, तेव्हा त्याचे सारे लक्ष मोटारी, चाके आणि बॅटरी यांवर असते. बिनतारी दुवा म्हणजे बाजारातून आणून जोडावयाचा एक भाग, एवढीच त्याची समजूत असते. रोबोचे वर्तन मात्र पुष्कळ अंशी या दुव्यावरच ठरते.

2008 साली पुण्यात अबू रोबोकॉन ही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धा भरली आणि तिचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. त्या काळच्या नियमांनुसार हाताने चालवावयाच्या रोबोला केबल, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश किंवा ध्वनी यांद्वारेच आज्ञा देता येत. रेडिओ लहरींना मज्जाव होता. पुढे ही बंदी उठली, आणि एकाच मैदानात अनेक संघांचे प्रक्षेपक एकमेकांच्या लहरींवर येण्याचा प्रश्न विद्यार्थ्यांनाच सोडवावा लागू लागला.

रोबोच्या बिनतारी दुव्यावरून दोन भिन्न गोष्टी वाहतात. रोबोला दिलेली आज्ञा ताजी असावी लागते. हरवलेली आज्ञा उशिरा पुन्हा पाठविल्यास रोबो मागच्या क्षणाचे वळण आता घेतो, म्हणून ती सोडून देणेच इष्ट. याउलट संवेदकांनी टिपलेली माहिती उशिरा आली तरी चालते, पण त्यात खंड नको. दोहोंसाठी एकच मार्ग आणि पुनर्प्रेषणाचे एकच धोरण ठेवणे ही विद्यार्थी-प्रकल्पांतील मूळ चूक होय, कारण माहितीची रांग लांबली की तिच्यामागे आज्ञा अडकून पडते.

विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास असणारे एनआरएफ24एल01 हे रेडिओ मॉड्यूल या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्याच्या एका संदेशात जास्तीत जास्त 32 बाइट मावतात, आणि पोच न मिळाल्यास तोच संदेश ते आपोआप 15 वेळांपर्यंत पुन्हा पाठवू शकते. आज्ञेसाठी ही संख्या कमी ठेवावी. त्याचा चॅनेल क्रमांक 2400 मध्ये मिळविला की मेगाहर्ट्झमधील वारंवारता मिळते. वाय-फायचा त्रास टाळण्यासाठी 108 वा चॅनेल घ्यावा असा सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु भारतात 2005 पासून विनापरवाना खुला असलेला पट्टा 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ एवढाच आहे आणि 108 वा चॅनेल 2508 वर पडतो. तो सल्ला येथे पाळू नये. अँटेनासह येणाऱ्या जास्त शक्तीच्या मॉड्यूलला प्रक्षेपणाच्या क्षणी 100 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागू शकतो, तर आर्डुइनो उनो या नियंत्रक-पाटीची 3.3 व्होल्टची पिन 50 मिलिअँपिअरच देते. मग अधूनमधून तुटणाऱ्या दुव्याचा दोष अंतराला दिला जातो. स्वतंत्र व्होल्टेज नियामक आणि मॉड्यूलच्या पायांशीच जोडलेला कपॅसिटर, एवढ्याने पुष्कळदा तो दोष जातो.

रोबो शेतात उतरविला की प्रश्न बदलतो. प्रक्षेपक आणि ग्राहक यांच्यामधील सरळ रेषेभोवतीचा जो लंबगोल भाग मोकळा असावा लागतो त्यास फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. 2.4 गिगाहर्ट्झला 200 मीटर अंतरावर त्याची मध्यावरील त्रिज्या सुमारे अडीच मीटर भरते. सोयाबीनच्या ओळींतून चालणाऱ्या गुडघाभर उंचीच्या रोबोसाठी या क्षेत्राचा मोठा भाग जमीन आणि ओले पीक अडवितात, म्हणून आधी शक्ती वाढविण्यापेक्षा अँटेना काठीवर उंच चढविणे शहाणपणाचे. जमिनीतील ओलाव्याच्या नोंदींसाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यातील लोरा ही बिनतारी पद्धत उत्तम. तिचा वेग अत्यल्प असल्याने रोबो हाकण्यास ती उपयोगी नाही.

इतके करूनही दुवा कधीतरी तुटणारच, आणि त्यानंतर रोबोने काय करावे हे आधीच ठरवून ठेवणे हा आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. काही ग्राहक संकेत गेल्यावर शेवटचीच आज्ञा धरून ठेवतात. सेकंदाला दोन मीटर धावणारा रोबो 300 मिलिसेकंदांत 60 सेंटिमीटर जातो. तेवढ्या अवधीत नवी आज्ञा आली नाही तर मोटारी थांबवाव्यात, अशी सूचना रोबोवरील नियंत्रकातच लिहिलेली असावी. तिची परीक्षा सोपी आहे: रोबो ठोकळ्यांवर उचलून ठेवावा, चाके पूर्ण वेगाने फिरू द्यावीत आणि हातातील प्रक्षेपक बंद करावा.