उजवीकडचा खांब

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरून एकवीरेचं देऊळ हलवावं, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. खडकीत आमच्या शेजारच्या घराची ती कुलस्वामिनी, त्यामुळे मी ते उघड बोलत नसे. लेण्यांच्या नादी लागलेल्या आमच्या कंपूत मात्र हे मत गृहीतच असायचं. गोणपाटं आणि हातमोजे घेऊन डोंगर झाडायला जाणारी आम्ही मंडळी. दगडावर आपला हक्क थोडा जास्त, असं वाटायला लागतंच.

माझी तक्रार साधी होती. चैत्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला चार सिंहांचा स्तंभ दिसतो. महारथी अग्निमित्रणकाने तो दिला, असं त्याच्यावरच कोरलेलं आहे. उजव्या हाताला त्याचा जोडीदार असायला हवा, तर तिथे देऊळ. मागे जवळजवळ दोन हजार वर्षांचं, भारतातलं सगळ्यांत मोठं चैत्यगृह. छताला अजून त्या काळच्या लाकडी कमानी. आणि पुढे दर्शनाची रांग, हारवाले, एखाद्या रविवारी बँडसुद्धा. हे सगळं पुसून नुसतं लेणं उरलं तर काय बहार होईल, असं मनात यायचं.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका फेरीत या मताला तडा गेला. खडकीहून लोणावळा लोकल, मळवलीला उतरून वेहेरगाव, मग पायऱ्या. सोबत अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेला माझा एक मित्र होता. मी झाडायला जातो, तो वंदनेला. देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली; ते स्टेशन आलं की तो बोलता बोलता थांबतो आणि गाडी पुढे सरकल्यावर वाद तिथूनच उचलतो.

दुपारपर्यंत गोणी भरल्या. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या. ती टाकणारा देवीला आला होता की लेणी बघायला, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. निर्माल्य मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं.

मग चैत्याच्या दाराशी एक कोळी आजी आल्या. नातवाचं जावळ काढायला सगळं घर आलं होतं. पर्यटक बुटांनिशी आत हिंडत होते. आजींनी चपला बाहेर काढल्या, स्तूपाला प्रदक्षिणा घातली, डोकं टेकलं. मी माहितगारासारखा पुढे झालो. म्हटलं, आजी, हे देवीचं नाही, बुद्धाचं आहे. त्या म्हणाल्या, असू दे की, त्याच्याही पाया पडले. मग खांबावरच्या अक्षरांकडे बोट करून विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, ज्यांनी खांबासाठी पैसे दिले त्यांची नावं आहेत. आजींनी कमरेची पिशवी उघडून देवळात फाडलेली पावती दाखवली. ‘म्हणजे असंच की.’

मला हसू आलं, पण उत्तर सुचलं नाही. कारण खरोखरच असंच आहे. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन इथे एकेक खांब देऊन गेले. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दर्शनी दाराला दान दिलं, आणि सामी नावाच्या सुताराने दार घडवलं म्हणून त्याचंही नाव राहिलं. वैजयंतीचा भूतपाल शेठ तर जंबुद्वीपात असं शैलगृह दुसरं नाही, असं लिहवून मोकळा झाला. देणगी देणाऱ्याचा अभिमान तेव्हाही लपत नव्हता.

घरी येऊन पुन्हा वाचायला बसलो. दर्शनी भिंतीवरच्या दांपत्यांच्या देखण्या मूर्ती आधीच्या, आणि त्यांच्या आजूबाजूला बुद्धप्रतिमा काही शतकांनंतरच्या. त्या कोरताना आधीचं नक्षीकाम सरळ छाटलेलं आहे. हे मला माहीत होतं, कित्येकांना बोट दाखवून सांगितलंही होतं. पण नंतर आलेल्या भाविकांनी जुन्यावर हात चालवला म्हणून त्या प्रतिमा काढून टाका, असं कधी मनात आलं नव्हतं. मग ‘मूळ रूप’ म्हणून मी नेमकं कोणतं शतक मागत होतो? पुण्यात राहून हे डोंगर पायाखाली घातलेल्या दामोदर कोसंबींनी मातृदेवतांची ठाणी, जुन्या व्यापारी वाटा आणि लेणी यांचा एकत्र विचार केला. आई आणि लेणं एकाच घाटवाटेवर का, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे घेतला. मी तो रांगेचा आणि गोंगाटाचा करून ठेवला होता.

तेव्हा देऊळ हलवावं असं मी आता म्हणत नाही. कोळी, आगरी, कायस्थ प्रभू पिढ्यान्‌पिढ्या चैत्राच्या उन्हात हा डोंगर चढत आले आहेत. आमच्यासारखे दगडांचे प्रेमी त्या मानाने फार उशिरा आले.

मित्राला माझा हा पालट पटलेला नाही. परतीच्या गाडीत तो म्हणाला, तुझ्या आजी स्तूपाला नमस्कार करतात हे ठीक, पण उद्या गर्दीच्या दिवशी मला वंदनेला पाच मिनिटं शांतता मिळेल का, ते सांग. दोन्हीकडे हात जोडणं सोपं कुणाला जातं? ज्यांची रांग मोठी त्यांनाच. या बोलण्यावर माझ्याकडे तोड नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित याहून कडवट बोललो असतो.

म्हणून आता आमची मागणी लहान झाली आहे आणि तीवर आम्हा दोघांचं जमतं. रांग सिंहस्तंभापासून लांबून फिरवावी, बँड पायथ्याशीच थांबवावा, चैत्यात बुटांना बंदी असावी. तिसरं कलम त्याने घातलं, आजींचं नाव घेऊन.