मधले नाव

वॉरंटावरील नाव आणि आडनाव माझेच होते. वडिलांचे नाव तेवढे निराळे. दिवेलागणीला दारी आलेल्या हवालदारांना मी ते परोपरीने सांगितले. ‘उद्या कोर्टात सांगा,’ म्हणाले. अटकेपासून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे, हा संविधानाचा अनुच्छेद २२ मी कोठडीत तास मोजत शिकलो.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी शाळा सोडल्याचा दाखला वॉरंटाशेजारी ठेवला. ‘वडिलांचे नाव?’ दंडाधिकाऱ्यांनी विचारले. आजवर केवळ अर्जाच्या रकान्यात लिहिलेले ते नाव मी उच्चारले आणि सुटलो.

वकील म्हणाले, अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात भरपाई मागता येते. निर्दोष ठरूनही १४ वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या रुदुल शाह यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली राज्याकडून ३५ हजार रुपये देवविले होते.

मी याचिका केली. मात्र रकमेच्या आधी एक मागणी लिहवून घेतली : ‘अटक भलत्याच इसमाची झाली’ असे आदेशात नमूद व्हावे. मला नेताना साऱ्या आळीने पाहिले होते. परतताना कोणीच नाही.