खुनाच्या जुन्या फाईली

किरकोळ अपराधांची दखल न्यायालयाने किती काळात घ्यावी याची मुदत भारतीय फौजदारी कायद्याने ठरवून दिली आहे. परंतु तीन वर्षांपेक्षा अधिक शिक्षेच्या अपराधांना ही मुदत लागू होत नसल्याने खुनाचा गुन्हा कितीही जुना झाला तरी त्याचा तपास कायद्याने संपत नाही. तो संपतो पोलिसांच्या दप्तरात. गुन्हा खरा आहे, पण गुन्हेगार सापडत नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयाला देतात, त्याला ‘ए समरी’ म्हणतात; आणि १९९२-९३ च्या मुंबई दंगलीतील एक हजाराहून अधिक गुन्हे याच अहवालाने मिटवले गेले. जे २५३ खटले न्यायालयापर्यंत पोहोचले, त्यांपैकी ९७ खटले आरोपी बेपत्ता असल्याच्या कारणावरून ‘डॉरमंट फाईल’मध्ये, म्हणजे निद्रिस्त खटल्यांच्या गठ्ठ्यात पडून राहिले. ते पुन्हा चालवण्यासाठी आरोपींचा शोध घ्यावा आणि त्याकरिता विशेष कक्ष नेमावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी दिला.

इतक्या उशिरा नवा पुरावा कोठून येणार, असे विचारले जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा १२ जून १९६३ रोजी मिसिसिपी राज्यात खून झाला. १९६४ मध्ये आरोपीवर दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९९४ मध्ये त्याच आरोपीला जन्मठेप झाली, तेव्हा उपयोगी पडली ती एव्हर्स यांच्या पत्नीने तीन दशके जपून ठेवलेली पहिल्या खटल्याच्या साक्षींची प्रत, आणि खुनाबद्दलची आरोपीची बढाई ज्यांनी ऐकली होती अशा माणसांच्या साक्षी. ज्याला नवा पुरावा म्हटले गेले तो बराचसा जुनाच होता, फक्त तो बाळगणारी माणसे आता बोलू शकत होती.

विदर्भात जुन्या फाईलींचा हा विचार खैरलांजीपाशी येऊन थांबतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, पण या हत्याकांडाला ॲट्रॉसिटी कायदा भंडाऱ्याच्या न्यायालयाने लावला नाही आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लावला नाही. खुनी ठरले, पण खुनामागची जात न्यायालयाच्या कागदावर आली नाही, आणि हे अपुरेपण मोठे आहे; कारण पुढे कोणी हे प्रकरण वाचील तेव्हा त्याच्यासमोर हाच कागद असेल.

कागदावर काय येते हे साक्षीदारावरही अवलंबून असते. वर्धा जिल्ह्यातील नाचणगावासारख्या गावांत साक्षीदाराला आरोपीच्या घरावरूनच कामावर जावे लागते, कधी त्याच्याच शेतात मजुरी करावी लागते. शहरात साक्षीदार वस्ती बदलू शकतो. येथे त्याचे घर, विहीर, देऊळ किंवा विहार आणि किराणा दुकानातली उधारी, सगळे त्याच गावात असते. म्हणून साक्षीदार उलटतात, त्यांना ‘फितूर’ म्हटले जाते, आणि या शब्दाने सारा दोष दुबळ्यावरच टाकला जातो. साक्षीदारांवरील दडपणामुळे खटल्याचे नाटक झाले असेल तर सुटकेचा निकाल रद्द करून खटला नव्याने चालवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गुजरात दंगलीतील बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात दाखवले. गुजरातमधला तो खटला त्यासाठी मुंबईत चालवावा लागला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी तशी योजना मान्य केली. या तरतुदी तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचल्या, आणि फिर्यादीला मोफत मिळण्याचा हक्क असलेली एफआयआरची प्रत त्याच्या घरात नीट राहिली, तर वीस वर्षांनंतर उघडणाऱ्या फाईलमध्ये वाचण्याजोगे काहीतरी असेल.